शपथ देणारा माणूस

"तात्या, दुसरा नमुना काढून ठेवा. माझा साक्षीदार देवाची शपथ घ्यायचा नाही म्हणतोय."

हंबीरराव वकिलांनी हे सांगितलं ते कोर्टाच्या व्हरांड्यातून घाईघाईने जाताना, काळ्या कोटाची एक बाही चढवायची राहिली होती तेव्हा. तात्या हेर्लेकरांनी मान डोलावली. दुसरा नमुना म्हणजे देवाचं नाव न घेता करायची प्रतिज्ञा. शपथांचा नवा कायदा येऊन आठ-नऊ वर्षं झाली होती आणि तो कागद तात्यांच्या कपाटात तेवढीच वर्षं पडून होता. एकदा मिशनच्या एका मास्तरांनी मागितला होता, त्यानंतर कुणी त्याचं नाव काढलं नव्हतं.

"कोण हो हा?" तात्यांनी मागून विचारलं.

"आकाराम. देवळातल्या चोरीच्या केसमधला. बाहेर चिंचेखाली बसलाय बघा."

तात्या कोल्हापूरच्या फौजदारी कोर्टात बेंच क्लार्क होते. साहेबांच्या पुढ्यात, एक पायरी खाली, त्यांचं टेबल. साक्षीदार पिंजऱ्यात चढला की आपण उठून उभं राहायचं आणि त्याच्याकडून म्हणवून घ्यायचं, 'ईश्वरसाक्ष शपथ घेऊन सांगतो की, मी खरं सांगेन, खऱ्याशिवाय दुसरं काही सांगणार नाही.' हे काम त्यांनी बावीस वर्षं केलं होतं. अडाणी माणूस असेल तर शब्द तोडून तोडून सांगायचे, बाई लाजत असेल तर आवाज उतरवायचा, आणि शिकलेला असेल तर तो भराभर म्हणून टाकतो तिकडे काणाडोळा करायचा. कोर्टातली माणसं गमतीने म्हणत की तात्यांइतका देव कोल्हापुरात कुणीच वाटला नसेल.

तात्यांचा देवावरचा विश्वास उडाला तो याच टेबलापाशी. नोकरीच्या सुरुवातीला ते खोट्या साक्षीदाराकडे धास्तीने बघत. देवाचं नाव घेऊन हा माणूस धडधडीत खोटं बोलतोय, आता याचं काहीतरी होणार. निदान जीभ अडखळेल, पाय लटपटतील. कुणाचं काही झालं नाही. भावाला जमिनीवरून हुसकावणारा एक पाटील याच पिंजऱ्यात शपथ घेऊन खोटं बोलला, बाहेर जाऊन त्याने कट वडा खाल्ला आणि पुढं पंधरा वर्षं दर श्रावणात गावजेवण घालत धडधाकट जगला. त्याच्याच खटल्यात खरं बोलणाऱ्या एका म्हातारीला मात्र उलटतपासणीत चक्कर आली आणि तिला उचलून न्यावं लागलं. असं बघता बघता कधीतरी एका दुपारी तात्यांच्या लक्षात आलं की आपण वाट बघायचं सोडून दिलंय.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कपाळावर गंध होतंच. शुक्रवारी पत्नी श्यामलाताईंबरोबर अंबाबाईला जाणं होतं, देवघरातली पूजा होती, चतुर्थी होती. देव मानावा का न मानावा ही ज्याची त्याची खाजगी बाब, ती चव्हाट्यावर कशाला मांडायची, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. ठरवणं सोयीचं होतं आणि सोयीच्या गोष्टी माणसाला फार लवकर पटतात.

आता हा कोण आकाराम दुसरा नमुना मागायला आला होता. तात्या कागद काढायला कपाटाकडे जायचे ते चिंचेकडे निघाले.

खटला साधा होता. करवीर तालुक्यातल्या एका गावात देवीचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला. पिराजी नावाच्या माणसाचं देवळाच्या पंचांशी आधीपासून वाकडं, म्हणून नाव त्याचं आलं. त्या रात्री त्याला देवळाच्या बोळात बघितलं असं सांगणारा एक साक्षीदारही उभा राहिला. पिराजीचं म्हणणं, मी त्या रात्री इचलकरंजीला यंत्रमागावर होतो, रात्रपाळीला. पण मालकाच्या हजेरीपटावर रात्रपाळीची निम्मी माणसं नसतच. आता कोर्टात येऊन तसं कबूल करायला मालक काही खुळा नव्हता. राहिला त्याच शेडमधला जॉबर आकाराम, बिघडलेले माग दुरुस्त करणारा, पिराजीच्याच गावचा. त्या रात्री पिराजीचा माग दोनदा बंद पडला आणि दोन्ही वेळा आकारामनेच तो सुरू करून दिला होता. पिराजी घरी परत जाणार की तुरुंगात, हे या एका माणसाच्या शब्दावर होतं.

चिंचेच्या पारावर पन्नाशीचा, अंगाने वाळलेला, बोटांच्या पेरांत काळं तेल मुरलेला एक माणूस बसला होता. चार हातांवर पिराजीची बायको चिमणाबाई पदराने तोंड झाकून बसली होती.

"तुम्हीच का आकाराम?"

"व्हय. आपण?"

"मी शपथ देणारा."

आकाराम हसला. "मग तुमच्यासंगंच भांडान हाय माजं. बसा की."

तात्या बसले. "दुसरा नमुना आहे. कायद्याने तुम्हाला तो घेता येतो, कुणी अडवणार नाही. पण जरा ऐका माझं. आमचे साहेब मंगळवार करतात. गणपतीला गेल्याशिवाय खुर्चीत बसत नाहीत. चोरी देवळातली. आणि तुम्ही तोंड उघडताच सांगणार की मी देव मानत नाही. पुढचं कोण ऐकणार?"

"खरं असंल तर ऐकाय पायजे की."

"बावीस वर्षं झाली मला इथं."

"तात्या, जो न्हाईच त्याला साक्षीला कसा आणू मी? समन्स कुठल्या पत्त्यावर धाडायचं?"

तात्यांना हसू आलं आणि त्याच वेळी रागही आला. हे वाक्य आपल्याला बावीस वर्षांत सुचलं नव्हतं, याचा तो राग होता. "म्हणजे गावातही सगळ्यांना ठाऊक आहे तर."

"सारं गाव जाणतंय. पालखीला खांदा देत न्हाई मी. तवापास्नं पंगतीला बोलावत न्हाईत. पोरीची सोयरिक दोनदा फिसकटली."

"मग सांगत कशाला फिरलात? मनात ठेवायचं. ही आपली खाजगी निवड असते."

"निवड?" आकारामने मान हलवली. "वांगं घ्यायचं का दोडका, तशी न्हाई ओ ही. ल्हानपणी आई देवाम्होरं डोळं मिटाय लावायची. भावंडं म्हणायची, दिसतंय, दिसतंय. मला नुस्ता आंधार. लई दाबून मिटलं तरी आंधारच. मी काय निवडलं त्यात? आन् खाजगी म्हणाल, तर पालखी माज्या दारावरनं जातीया. थांबवून म्हणत्यात, लाव खांदा. तितं खाजगी कसं ऱ्हायाचं, तुमीच सांगा."

कोर्टाची घंटा व्हायला पंधरा मिनिटं होती. पुढं जे झालं ते का झालं हे त्यांना नंतरही नीट सांगता आलं नसतं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "मीही मानत नाही."

आकारामने त्यांच्या कपाळावरच्या गंधाकडे बघितलं.

"खरंच सांगतोय. पुष्कळ वर्षं झाली. तरी रोज शपथ देतो. शब्द आहेत ते, आकाराम. म्हणायचे आणि सोडून द्यायचे."

"घरात ठावं हाय?"

"नाही."

"बायकूला?"

"तिलाही नाही."

आकाराम हलक्या आवाजात म्हणाला, "लई वझं वागवताय की वो."

त्याला तात्यांची कीव आली होती. हाताला तेल लागलेला, गावाने पंगतीतून उठवलेला माणूस आपली कीव करतोय, हे तात्यांना झोंबलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणापाशी मन उघडं केलं तर त्याने त्यात ओझं बघितलं. तात्यांनी चिमणाबाईकडे बोट केलं.

"माझं राहू द्या. तिच्याकडे बघा. तुमचं तत्त्व तुमच्यापाशी शाबूत राहील आणि तिचा नवरा आत जाईल. चार शब्दांनी तुमचं काय झिजणार आहे?"

खरं सांगायचं तर त्या घटकेला तात्यांना पिराजीची काळजी नव्हती आणि त्याच्या बायकोचीही नव्हती. त्यांना हा माणूस वाकलेला बघायचा होता. तो एकदा वाकला असता म्हणजे आपण बावीस वर्षं वाकलो त्यात काही विशेष उरलं नसतं.

आकाराम चिमणाबाईकडे बघत राहिला. तिला यातलं काही ऐकू येत नव्हतं. तो आपल्याकडे बघतोय हे दिसल्यावर तिने हात जोडले.

"बरं," आकाराम म्हणाला. "म्हणतो."

कोर्ट भरलं. आरोपीच्या पिंजऱ्यात पिराजी दोन्ही हात कठड्यावर ठेवून उभा होता. आकारामचा पुकारा झाला. तात्या उठले, हंबीररावांनी त्यांच्याकडे बघितलं, आणि तात्यांनी नेहमीच्या आवाजात नेहमीचे शब्द उच्चारले. आकारामने ते मागोमाग म्हटले. 'ईश्वरसाक्ष' म्हणताना तो जरा थांबला, पण म्हणाला. हंबीररावांच्या भुवया वर गेल्या. साहेबांनी मात्र समाधानाने मान हलवली.

साक्ष चांगली झाली. माग कितवा होता, काय बिघडलं होतं, धोटा कुठं अडकला होता, किती वाजता काय झालं, सगळं आकारामने न अडखळता सांगितलं. सांगताना तो हातवारे करत होता आणि न बघितलेलं शेड लोकांपुढे उभं राहत होतं. चिमणाबाईने तोंडावरचा पदर काढला. तात्यांना वाटलं, जमलं. आपण सांगितलं म्हणून जमलं.

मग सरकारी वकील उठले. देवळाचे पंच त्यांच्या मागेच बसले होते आणि त्यांनी वकिलांच्या कानात काही सांगितलेलं तात्यांनी बघितलं होतं.

"आकाराम, तुम्ही गावच्या पालखीला खांदा देता का?"

"न्हाई."

"का नाही?"

हंबीरराव उठले. "साहेब, याचा चोरीशी संबंध नाही."

"संबंध दाखवतो, साहेब. सांगा, का देत नाही?"

"माजा देवावर इस्वास न्हाई."

"अजिबात नाही?"

"अजाबात न्हाई."

"मग मघाशी ईश्वराला साक्षी ठेवून जी शपथ घेतलीत ती खरी होती का खोटी?"

आकाराम उत्तर देणार तेवढ्यात हंबीरराव पुन्हा उठले.

"साहेब, साक्षीदाराला प्रतिज्ञेचा पर्याय द्यावा असं मी क्लार्कना आधीच सांगितलं होतं. तो दिला गेला का, एवढं विचारावं. दिला नसेल तर ही चूक साक्षीदाराची नाही."

साहेबांनी चष्म्यावरून खाली बघितलं. "हेर्लेकर, यांना विचारलं होतं का तुम्ही?"

तात्या उभे राहिले. निवृत्तीला तीन वर्षं होती. विचारलं नाही म्हणावं, तर वकिलांनी सांगूनही का नाही विचारलं, हा पुढचा प्रश्न. उलट मीच यांना देवाची शपथ घ्या म्हणालो म्हणावं, तर चिंचेखाली काय बोलणं झालं, हा त्याच्या पुढचा. मग सगळंच निघणार. साहेब, वकील, पट्टेवाले, संध्याकाळपर्यंत गल्ली आणि रात्री जेवताना श्यामलाताई. एवढं सगळं तात्यांच्या डोक्यातून जायला काही क्षण लागले. त्यांना स्वतःला कुणी शपथ दिलेली नव्हती. शपथ देणाऱ्याला ती कुणी देत नाही.

"विचारलं होतं, साहेब," तात्या म्हणाले. "यांनीच ईश्वरसाक्ष घेतो म्हणून सांगितलं."

आणि ते खाली बसले. समोरच्या कागदावर ओळी होत्या, त्या त्यांना वाचता येईनात.

"म्हणजे पर्याय असूनसुद्धा तुम्ही खोटी शपथ घेतलीत," सरकारी वकील म्हणाले. "का घेतलीत?"

आकारामने तात्यांकडे बघितलं. त्याच्या बघण्यात राग असता तर तात्यांना सोसला असता. चालता चालता बिघडलेल्या मागाकडे बघावं तसा तो नुसता बघत होता, कुठं काय निसटलं ते शोधत. त्याने एक वाक्य बोलायचं, की तात्या म्हणाले म्हणून घेतली. तात्या त्या वाक्याची वाट बघत राहिले.

"पिराजीच्या बायकूसाठी घेतली," आकाराम म्हणाला.

"आरोपी सुटावा म्हणून खोटी शपथ घेतलीत. बस्स, साहेब. मला आणखी काही विचारायचं नाही."

आकाराम खाली उतरला. जे रात्रभर डोळ्यांनी बघितलं ते त्याने खरं खरं सांगितलं होतं, आणि त्याची आता कुणाला किंमत उरली नव्हती. हंबीरराव समोरचे कागद उगाच सारखे करत बसले.

दुपारच्या सुट्टीत तात्या मागच्या दाराने निघाले होते, पण आकाराम तिथंच नळावर तोंड धूत होता. तात्या थबकले.

"आकाराम, मला म्हणजे..."

"भिऊ नगासा तात्या." आकारामने धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. "मी कुटं बोलायचा न्हाई. तुमची ती खाजगी बाब हाय न्हवं."

एवढं बोलून तो स्टँडकडे गेला. इचलकरंजीची गाडी गाठायची होती, त्याची रात्रपाळी होती.

निकाल पौषात लागला. 'शपथेबाबतच असत्य बोलणाऱ्या साक्षीदारावर विसंबणे सुरक्षित नाही' असं एक वाक्य साहेबांनी निकालपत्रात घातलं होतं. पिराजीला दीड वर्ष सक्तमजुरी झाली. मुखवटा काही सापडला नाही. हंबीरराव अपिलाचं बोलले, चिमणाबाईने ते ऐकून घेतलं आणि त्यातलं तिला काही कळलं नाही.

कोर्ट उठल्यावर ती तात्यांच्या टेबलापाशी आली. पोलीस पिराजीला घेऊन गेले होते. ती रडत नव्हती.

"तात्या, तुमी शानी मानसं. चुकलं कुटं आमचं?"

तात्या कागद आवरत राहिले.

"देव न मानणाऱ्याला साक्षीला आणला, तितंच चुकलं बगा," तिने स्वतःच उत्तर दिलं. "गावात समदी म्हणत हुती, त्येच्या तोंडानं देवीचं नाव निघालं की देवी कोपणार. तसंच झालं. त्या मुडद्यानं माज्या घराचं वाटुळं केलं. आता त्येला गावात पाय ठेवू देत न्हाईत. बरं झालं."

आकारामने चिंचेखालून हिच्याकडेच बघून होकार दिला होता. ते तात्यांना सांगता आलं असतं. अजूनही सांगता आलं असतं. कोर्टात आता दोघंच होती, आणि खिडक्या लावणारा पट्टेवाला.

"तुमच्यासारका देवमाणूस बोलला असता तर साह्यबानं ऐकलं असतं," चिमणाबाई म्हणाली. तिने टेबलाला वळसा घातला आणि वाकून तात्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "मी काय करू सांगा. तुमी सांगाल ते करते."

तात्यांना तिला तिथून घालवायचं होतं. काहीतरी सांगितल्याशिवाय ती जाणार नव्हती, आणि खरं सोडून दुसरं काय सांगायचं हे त्यांना बावीस वर्षांच्या सवयीने ठाऊक होतं.

"जोतिबाला पाच खेटे घाल," ते म्हणाले. "माघातले पाचही रविवार. अनवाणी जा. सुटेल लवकर."

तिचा चेहरा उजळला. पहिल्यांदाच कुणी तिला करता येण्याजोगं काही सांगितलं होतं. ती पुन्हा एकदा पाया पडून गेली.

माघात रविवारी पहाटेपासून जोतिबाच्या डोंगराकडे माणसांची रीघ लागते. नदीच्या घाटावर पाय धुऊन, पूल ओलांडून, चांगभलं करत लोक चालत असतात. तात्या रविवारी सकाळी गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध आणायला जात. पहिले दोन रविवार त्यांना गर्दीत ओळखीचं कुणी दिसलं नाही. तिसऱ्या रविवारी ते दुधाची कासंडी धरून रांगेत उभे होते, तर चिमणाबाई समोरून आली. गावाहून निघून ती तिथवर चालत आली होती. अनवाणी पाय टाचांपाशी फुटले होते, एका पायाला चिंधी बांधली होती आणि ती ओली झाली होती. गालाला गुलाल होता. तात्या दिसताच ती गर्दीतून बाजूला आली.

"तिसरा हाय तात्या," ती म्हणाली. "तुमी सांगितलासा तसंच, पायात काय घातलं न्हाई."

"बरं," तात्या म्हणाले.

"तुमच्या नावानं बी दिवा लावते वर."

ती लंगडत पुढच्या बायकांना गाठायला गेली. दूधवाल्याला कासंडी दोनदा मागावी लागली.

उरलेल्या दोन्ही रविवारी तात्यांनी दूध घरी घालायला सांगितलं. श्यामलाताईंनी कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले की गर्दी फार असते.